जोडट्रेलर आणि तीन तारखा

अमेरिकेत नेवाडाहून युटाकडे जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक १५ वाटेत ॲरिझोनाचा वायव्य कोपरा कापून जातो. जेमतेम २९ मैलांचा हा तुकडा. उत्तर सीमेलगतचे मोजके रस्ते सोडले, तर ॲरिझोनाच्या उरलेल्या मुलखात जड जोडट्रेलरला मज्जाव आहे. या तुकड्यावर मात्र एका इंजिनामागे तीन ट्रेलर लावूनही खुशाल जाता येते. नेब्रास्कात तीन ट्रेलरची गाडी चालते, पण रिकामी. मिसुरीत ती पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांच्या हद्दीपासून २० मैल आतपर्यंत येऊ शकते, एकविसाव्या मैलावर नाही. आयोवात परवानगी आहे ती सू सिटी या सीमेवरच्या एका शहरापुरती. हा कोणा विक्षिप्त कारकुनाचा खेळ वाटेल, पण अमेरिकेच्या संघीय नियमावलीतल्या एका परिशिष्टात हे सारे राज्यवार आणि रस्तावार छापलेले आहे आणि ते मोडले तर दंड होतो. एका वाहनामागे दोन ट्रेलर ओढण्याचे नियम प्रदेशागणिक इतके वेगळे का, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे : प्रदेश वेगळे, रस्ते वेगळे, म्हणून धोकाही वेगळा. हे उत्तर ऐकायला शहाणपणाचे वाटते. या नियमांचा इतिहास मात्र त्याला फारसा दुजोरा देत नाही. जोडट्रेलरच्या नकाशावर धोक्यापेक्षा तारखा अधिक ठळक दिसतात. अमुक दिवशी अमुक राज्यात जे चालू होते ते तसेच राहू द्यायचे आणि जे नव्हते ते पुढेही येऊ द्यायचे नाही, हीच या नकाशामागची खरी रीत आहे.

आधी वाहन समजून घेऊ. इथे ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे. केबिन आणि इंजिन असलेला, स्वतःच्या पाठीवर माल न घेता ट्रेलर ओढणारा पुढचा भाग. १९१४ मध्ये डेट्रॉईटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे फ्रेडरिक सिबली हा लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली नाव फोर्डच्या मॉडेल-टी गाडीमागे लावून उन्हाळी मुक्कामाच्या तळ्यावर न्यायची होती. फ्रूहॉफने मोटारीच्या मागच्या बाजूवर टेकणारा एक ट्रेलर बनवून दिला. सिबलीला तो इतका पसंत पडला की त्याने लाकूड वाहायलाही तसाच मागवला, आणि त्यातून पुढे एक मोठा उद्योग उभा राहिला. एक ट्रेलर जमला, की दुसरा जोडण्याचा मोह व्यापाराला लगेच होतो. इंजिन तेच, चालक तोच, माल दुप्पट. जोडणी अशी होते : पहिल्या ट्रेलरच्या पाठीला जाड लोखंडी आकडा असतो. दुसऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाला चाके नसतात, म्हणून तिथे डॉली नावाची एका ॲक्सलची बुटकी गाडी सरकवतात. डॉलीवर ग्रीस माखलेली गोल बैठक असते आणि तीत ट्रेलरची खुंटी अडकते. डॉलीच्या पुढच्या दांड्याला कडे असते, ते आकड्यात घालतात. मग दोन सुरक्षा-साखळ्या, दिव्यांची वायर आणि ब्रेकच्या हवेच्या दोन नळ्या. जड ट्रेलर नेहमी पुढे, हलका मागे. अशी गाडी रिव्हर्स घेणे जवळजवळ अशक्य, कारण मध्ये दोन ठिकाणी वळणारे सांधे तयार होतात. चुकीच्या गल्लीत शिरलेल्या चालकाला बहुधा मागचा ट्रेलर सोडवूनच बाहेर पडावे लागते.

मोटारींच्या वजनावर राज्यांनी मर्यादा घालायला सुरुवात केली ती १९१३ च्या सुमारास, मेन आणि मॅसॅच्युसेट्स यांसारख्या पूर्वेकडच्या राज्यांत. त्यामागचे कारण रास्त होते. भरीव रबराची चाके मातीखडीचे रस्ते उखडून काढत आणि रस्ता दुरुस्तीचा पैसा राज्याच्या खजिन्यातून जाई. साऊथ कॅरोलायनाने घातलेल्या ९० इंच रुंदीच्या आणि २०,००० पौंडांच्या मर्यादेचा वाद आला, तेव्हा १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्ता ज्याचा, नियम त्याचा, अशीच भूमिका घेतली. पण या काळातच पूर्व आणि पश्चिम यांच्या वाटा फुटल्या. पश्चिमेत गावे विरळ, अंतरे लांब आणि रेल्वेचे फाटे थोडे. तिथल्या राज्यांनी जोडट्रेलरला लवकर वाव दिला. पूर्वेत दाट वस्ती, जुने अरुंद रस्ते आणि मालवाहतुकीवर पकड बसवलेल्या रेल्वे कंपन्या. तिथे बंदी मुरली. म्हणजे सुरुवातीचा फरक भूगोलातूनच आला, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पूर्वेतही प्रशस्त, चौपदरी, वळणे सौम्य केलेले टोलरस्ते आणि आंतरराज्य महामार्ग झाले. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, ओहायो, इंडियाना इथल्या टोलरस्त्यांवर तर पश्चिमेपेक्षाही लांब जोडट्रेलर धावू लागले, आणि टोलनाक्याबाहेर पडताच त्यांना दोन तुकडे होऊन जावे लागे. भूगोल बदलला होता, नियम मात्र तिथेच होता.

तो तिथेच राहावा यासाठी झटणारेही होते. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १९५१ मध्ये ट्रकचे वजन वाढवू देणारे विधेयक मंजूर केले. पूर्वेकडच्या चोवीस रेल्वे कंपन्यांच्या अध्यक्षांच्या मंडळाने कार्ल बायर या जनसंपर्क संस्थेला आधीच कामाला लावले होते. तिची पद्धत अशी, की ट्रक रस्ते फोडतात, ट्रकवाले कायदा मोडतात, हे रेल्वेने स्वतः कुठेच म्हणायचे नाही. नागरिकांच्या, मोटारचालकांच्या, करदात्यांच्या स्वतंत्र वाटणाऱ्या संघटनांच्या तोंडून ते वदवून घ्यायचे. गव्हर्नर जॉन फाइन यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला. ट्रकवाल्यांनी रेल्वेला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात खेचले आणि खालच्या न्यायालयात ते जिंकलेही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचे म्हणणे असे, की सरकारकडे कायदा मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मग हेतू प्रतिस्पर्ध्याला बुडवण्याचा का असेना. वकिलीच्या अभ्यासक्रमात हा खटला आजही शिकवतात, तो अभिव्यक्तीच्या आणि अर्जविनंतीच्या हक्कासाठी. इथे मला त्याचे महत्त्व वेगळे वाटते. त्या वादात विधेयक वजनाचे होते, जोडट्रेलरचे नव्हे. पण प्रदेशाचा म्हणून सांगितला जाणारा नियम कसा घडतो ते त्यातून दिसते. रस्त्याच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना जे वाटते, त्यातले किती त्यांचे स्वतःचे आणि किती पेरलेले, हे नंतर कोणालाच वेगळे काढता येत नाही.

याच सुमारास पहिली तारीख कायद्यात आली. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांसाठी एका ॲक्सलवर १८,००० पौंड आणि एकूण ७३,२८० पौंड अशी कमाल मर्यादा ठरवली. सोबत एक सूट दिली : १ जुलै १९५६ रोजी एखाद्या राज्यात याहून जास्त वजन कायदेशीर असेल, तर ते तसेच चालू राहील. रस्त्याला किती भार सोसतो हे मोजणारी मोठी चाचणी इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ झाली, ती १९५८ ते १९६० या काळात. तिथे खास बांधलेल्या गोल मार्गांवर लष्करी चालकांनी दोन वर्षे ट्रक फिरवले. कायदा आधी, मोजमाप नंतर, असा हा क्रम. या चाचणीतून निघालेला निष्कर्ष जोडट्रेलरच्या वादात फार मोलाचा आहे. रस्त्याची हानी एका ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला की हानी सोळापट. गाडीला ट्रेलर किती यापेक्षा प्रत्येक ॲक्सलवर किती ओझे, यावर रस्त्याचे आयुष्य ठरते. दोन ट्रेलर म्हणजे जास्त ॲक्सल. तेवढाच माल एका ट्रेलरमध्ये कोंबण्यापेक्षा तो पाच-सात ॲक्सलवर विभागला, तर रस्ता उलट सुखावतो. पुलांचे गणितही तसेच : ओझे लांबीवर पसरले की तुळईवरचा ताण कमी होतो. १९७४ मध्ये एकूण मर्यादा ८०,००० पौंडांवर, म्हणजे सुमारे ३६ टनांवर नेली, तेव्हा त्याच तत्त्वावरचे पुलांचे सूत्र कायद्यात घातले गेले. जोडट्रेलर रस्ते फोडतात, हा सर्वात जुना आक्षेप त्यामुळे सर्वात आधी गळून पडतो.

दुसरा आक्षेप स्थानिक स्वातंत्र्याचा. आपल्या रस्त्यावर काय चालावे हे राज्याने का ठरवू नये? त्याची कसोटी लागली आयोवात. पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग ८० आणि उत्तर-दक्षिण जाणारा महामार्ग ३५ याच राज्यात एकमेकांना छेदतात. शेजारपाजारच्या राज्यांत ६५ फुटी जोडट्रेलर चालत असताना आयोवाने ५५ फुटी एकेरी ट्रेलरला आणि ६० फुटी जोडीला परवानगी दिली, ६५ फुटी जोडीला नाही. कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज या वाहतूक कंपनीपुढे मग थोडेच मार्ग उरत : आयोवाच्या हद्दीवर ट्रेलर सोडवून एकेक करून पलीकडे न्यायचे, छोट्या गाड्या वापरायच्या, किंवा राज्याला वळसा घालायचा. कंपनी कोर्टात गेली. चौदा दिवसांच्या सुनावणीनंतर जिल्हा न्यायालयाने ६५ फुटी जोडी ५५ फुटी एकेरीइतकीच सुरक्षित असल्याचे ठरवले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी आयोवाचा नियम रद्द केला. निकालापेक्षा त्यात पुढे आलेला तपशील बोलका आहे. आयोवाच्या सीमेवरच्या शहरांना शेजारच्या राज्याची लांबी स्वीकारायची मुभा होती. आयोवात तयार होणारे ट्रक आणि फिरती घरे यांच्या वाहतुकीला जास्त लांबीचे परवाने मिळत. १९७४ मध्ये विधिमंडळाने ६५ फुटी जोडीला मान्यता दिली होती. गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी ती अडवली, आणि अडवताना कारण दिले ते फायदा बाहेरच्यांचा आणि त्रास आयोवाचा अशा अर्थाचे. लांब गाडी धोक्याची असेल, तर ती स्थानिक कारखान्याच्या दारातून निघाली म्हणून बिनधोक होत नाही. शिवाय वळसा घालणारी गाडी शेजारच्या राज्यात जास्त मैल धावते, म्हणजे अपघाताची शक्यता नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या अंगणात सरकते.

न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी विरोधी मतात म्हटले, की सुरक्षिततेचा तोल राज्याने ठरवायचा, न्यायाधीशांनी मैल आणि फूट मोजत बसू नये. या मतात तथ्य आहे. न्यायालय हे लांबी ठरवायचे ठिकाण नव्हेच. पण मग ती संसदेने ठरवायला हवी, आणि संसदेने पुढच्याच वर्षी हात घातला. डिसेंबर १९८२ मध्ये मंजूर झालेल्या आणि ६ जानेवारी १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने पेट्रोलवरचा कर गॅलनला ४ सेंटवरून ९ सेंट केला, ट्रकवरचा करही वाढवला, आणि मोबदला म्हणून ट्रकवाल्यांना एकसमान नियम दिला : राष्ट्रीय जाळ्यातल्या रस्त्यांवर २८ फुटी ट्रेलरची जोडी कोणत्याही राज्याने अडवायची नाही, आणि एकूण लांबीऐवजी फक्त ट्रेलरची लांबी मोजायची. या शेवटच्या कलमाचा एक गमतीदार परिणाम झाला. एकूण लांबी मोजली जात होती तोवर ट्रॅक्टरचे नाक जितके आखूड तितका माल जास्त. म्हणून इंजिनावरच केबिन बसवलेले चपट्या तोंडाचे ट्रक अमेरिकेत सर्वत्र दिसत. नियम बदलला आणि काही वर्षांत लांब नाकाचे ट्रक परत आले. त्याच कायद्यात दुसरी तारीखही आली : साडेअठ्ठावीस फुटी ट्रेलर १ डिसेंबर १९८२ रोजी कायदेशीररीत्या चालू असेल, तर तोही चालेल. अर्ध्या फुटाचा फरक कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. तसे ट्रेलर त्या दिवशी कंपन्यांच्या आवारात उभे होते, म्हणून तो आला.

कनेक्टिकटने हे सहजी मानले नाही. १९ जानेवारी १९८३ रोजी, कायद्यावर सही होऊन दोन आठवडेही झाले नसताना, स्ट्रॅटफर्डच्या टोलनाक्यावर रांगेत उभ्या मोटारींवर एक ट्रक आदळून सात जण गेले. त्याच वर्षी जूनमध्ये मायनस नदीवरच्या पुलाचा एक गाळा कोसळला. राज्याने जोडट्रेलरवर बंदीचा कायदा केला. केंद्र सरकार कोर्टात गेले आणि बंदी उठवली गेली. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण पूल पडला तो खिळ-पट्टीचा जोड गंजून निकामी झाल्याने, आणि टोलनाक्याच्या अपघाताचा खरा परिणाम झाला तो त्या रस्त्यावरचे टोलनाके १९८५ मध्ये काढून टाकण्यात. दोन्ही दुर्घटनांत जोडट्रेलरचा संबंध नव्हता, तरी जोडट्रेलरविरुद्धच्या भावनेला धार आली ती त्यांच्यामुळेच.

आता सर्वात वजनदार आक्षेप. जोडट्रेलर चालवताना होणारा धोका काल्पनिक नाही. साखळीच्या खेळात पुढचा गडी थोडा वळला की शेवटच्या पोराला भिरकावल्यासारखे होते, तसे मागच्या ट्रेलरचे होते. अचानक समोर काही आले आणि चालकाने स्टिअरिंगला हिसका दिला, तर ट्रॅक्टरला बसलेला आडवा झटका मागच्या ट्रेलरपर्यंत पोचेतो वाढतो. साध्या डॉलीने जोडलेल्या २८ फुटी जोडीत तो जवळपास दुप्पट होतो आणि मागचा ट्रेलर कलंडू शकतो. चालकाला हे आरशात दिसण्याआधीच घडून जाते. अमेरिकेत दोन-तीन ट्रेलर ओढणाऱ्या व्यावसायिक चालकाला परवान्यावर वेगळी नोंद घ्यावी लागते, ती योग्यच आहे. पण याच भौतिकशास्त्राचे दुसरे पान बंदीवाले उलटत नाहीत. ट्रेलर जितके लांब, तितका हा झटका कमी वाढतो. टोलरस्त्यांवरची ४५-४८ फुटी ट्रेलरची जोडी सरळ रस्त्यावर २८ फुटी जोडीपेक्षा स्थिर असते. तिचा दोष हा, की वळताना मागची चाके फार आत येतात, म्हणून ती चौकांच्या शहरात नको. उलट २८ फुटी जोडी वळणावर ५३ फुटी एकेरी ट्रेलरपेक्षाही नीट वळते, फक्त हिसक्याला हळवी. म्हणजे शास्त्राने सांगितलेला नियम असा झाला असता : लांब जोडी प्रशस्त महामार्गावर चालू द्या, शहरात नको, आखूड जोडी शहरात चालेल, पण डॉली सुधारा. प्रत्यक्ष कायद्याने जी हिसक्याला हळवी ती जोडी देशभर अनिवार्य केली, आणि जी महामार्गावर स्थिर ती काही राज्यांपुरती कोंडली.

हे कोंडणे म्हणजे तिसरी तारीख. १८ डिसेंबर १९९१ रोजी अध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने ठरवले, की आंतरराज्य महामार्गांवर ८०,००० पौंडांहून जड जोडट्रेलर आणि तीन ट्रेलरच्या गाड्या १ जून १९९१ रोजी ज्या राज्यात, ज्या रस्त्यांवर, ज्या अटींवर चालू होत्या, तशाच राहतील. कोणतेही राज्य त्यात भर घालणार नाही. ॲरिझोनाचा तुकडा, नेब्रास्काच्या रिकाम्या गाड्या, मिसुरीचे २० मैल, सू सिटी, हे सगळे त्या एका दिवसाचे चित्र आहे. रेल्वे कंपन्या या मोहिमेतही होत्या, आणि त्यांच्या बाजूने सुरक्षिततेची खरी तळमळ असलेले लोकही होते. गोठवण्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असा, की शंका असेल तेव्हा थांबणे शहाणपणाचे. काही वर्षांसाठी थांबून मोजमाप करणार असाल, तर मान्य. तीन दशके उलटून गेल्यावर ती सावधगिरी राहत नाही. आणि यात एक विसंगती आहे. राज्यांच्या स्वातंत्र्यासाठी आयोवाची बाजू घेणाऱ्यांना १९९१ चा कायदा खुपायला हवा होता, कारण त्याने राज्यांचा निर्णयाचा हक्कच काढून घेतला; कडक करण्याचा ठेवला, सैल करण्याचा नाही.

दुसरे काही शक्य होते का? शेजारच्या कॅनडात होते. तिथेही प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे होते आणि क्विबेकहून निघालेली गाडी प्रेअरीपर्यंत जाताना कुठे ना कुठे बेकायदा ठरे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर प्रांतांनी आणि केंद्राने मिळून वाहनांच्या स्थिरतेचा आणि रस्त्यांवरच्या भाराचा मोठा अभ्यास करवून घेतला. त्यातले बरेच काम अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी केले. मग १९८८ मध्ये प्रांतांनी करार केला, आणि त्यात जोडणीच्या प्रकारानुसार वजन ठरवले. साध्या डॉलीच्या जोडीला ५३,५०० किलो. पहिल्या ट्रेलरच्या मागच्या चाकांवरच बैठक असून दुसरा ट्रेलर थेट तिच्यावर टेकतो, मधला एक सांधा नाहीसा होतो, अशा जोडीला ६२,५०० किलो. स्थिर गाडीला नऊ टनांचे बक्षीस. वाहतूकदारांनी कोणाच्या उपदेशाशिवाय स्थिर जोड्या विकत घेतल्या. मिशिगनच्या संशोधकांचे निष्कर्ष सीमेपलीकडे कायदा झाले आणि अलीकडे, त्यांच्याच देशात, अहवालात राहिले.

खासगी मोटारींमागे दोन ट्रेलर लावण्याबाबतही हाच ढाचा दिसतो, फक्त इथे संघीय कायदा नाही. पुढे राहण्याचा ट्रेलर आणि त्याच्या मागे नाव, अशी जोडी मिशिगनमध्ये परवान्यावर करमणुकीच्या जोडीची खास नोंद घेऊन ओढता येते; मध्य-पश्चिमेतल्या तळ्यांच्या इतर राज्यांतही वाव आहे, पूर्व किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी नाही. कॅलिफोर्निया मात्र या ढाच्यात बसत नाही. व्यापारी जोडट्रेलरला लवकर जागा देणाऱ्या या राज्यात प्रवासी मोटारीमागे एकाहून जास्त ट्रेलर लावायला मनाई आहे आणि इतर वाहनांसाठी सर्वात वरच्या दर्जाचा परवाना लागतो. इथे नियम चालकाच्या कौशल्याला आणि ओढणाऱ्या वाहनाच्या वजनाला बांधलेला आहे, आणि माझ्या मते तो योग्य जागी बांधलेला आहे. माझा मुद्दा नियम सैल करा असा नाहीच.

युरोपातही एक आकडा असाच तडजोडीतून जन्मला. स्वीडनमध्ये १९६८ पासून २४ मीटर लांबीच्या गाड्या चालत. १९९५ मध्ये स्वीडन आणि फिनलंड युरोपीय संघात आले, तेव्हा संघाची मर्यादा त्यांच्यापेक्षा बरीच आखूड होती. त्यांना आपल्या गाड्या सोडायच्या नव्हत्या आणि इतरांना परदेशी वाहतूकदारांवर अन्याय नको होता. तोडगा निघाला, तो संघात सर्वत्र चालणारे ७.८२ मीटर आणि १३.६ मीटरचे प्रमाणित भाग एकत्र जोडण्याचा. त्याची एकूण लांबी झाली २५.२५ मीटर. जर्मनीने २०१२ ते २०१६ चाचणी घेऊन २०१७ मध्ये निवडक रस्त्यांवर त्या गाड्यांना कायमची परवानगी दिली, पण वजन वाढवू दिले नाही. भारताने २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून एकाहून जास्त ट्रेलरच्या गाडीला कमाल लांबी दिली ती नेमकी २५.२५ मीटर. हा योगायोग मानणे कठीण आहे. स्कॅन्डिनेव्हियाच्या वाटाघाटीतला आकडा दिल्लीच्या राजपत्रात आला असेल, तर त्यात गैर काही नाही. पण ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत साखर कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर ज्या रस्त्यांवरून जातात, ते रस्ते, त्या ट्रॉल्यांचे आकडे, त्यांचे ब्रेक आणि मागचे दिवे मोजून आलेला आकडा तो नव्हे. महाराष्ट्रात एका वाहनामागे दोन ट्रेलर म्हणजे मुख्यतः हीच वाहतूक, आणि तिच्यासाठी मोजमाप करायचे तर सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर, भरल्या ट्रॉल्यांनीच करावे लागेल.

अमेरिकेत मधल्या काळात एक प्रयत्न झाला. २०१५ मध्ये २८ फुटांऐवजी ३३ फुटी ट्रेलरची जोडी देशभर चालू द्यावी, असे कलम अर्थसंकल्पी विधेयकात घातले गेले. वजनाची मर्यादा तीच, ८०,००० पौंड. ट्रेलर लांब झाल्याने मागच्या ट्रेलरचा झटका कमी, आणि तेवढाच माल वाहायला फेऱ्याही कमी, असा पुरस्कर्त्यांचा दावा होता. विरोधात रेल्वे होती, पोलिसांच्या आणि सुरक्षिततेच्या संघटना होत्या, आणि यावेळी कित्येक ट्रक कंपन्याही होत्या, कारण त्यांच्या ताफ्यात ५३ फुटी एकेरी ट्रेलर होते आणि नव्या लांबीचा फायदा पार्सलवाल्यांना होणार होता. मिसिसिपीचे सिनेटर रॉजर विकर यांनी आपल्या राज्याचे रस्ते या जोडीला योग्य नाहीत, असे सांगून विरोधाची बाजू मांडली. कलम वर्षअखेरीस वगळण्यात आले. मिसिसिपीच्या राष्ट्रीय जाळ्यातल्या रस्त्यांवर २८ फुटी जोडी १९८३ पासून चालतेच आहे.